खिळ्यांविना पाय रोवणारा बूट

प्रश्न : मी चोपन्न वर्षांची आहे. गेल्या दिवाळीपासून थोरल्या भावाच्या नादाने गोल्फ शिकते आहे. आठवड्यातून दोनदा सराव आणि महिन्यातून एकदा पूर्ण अठरा होल, तेही चालत. दादाने आग्रह करून घ्यायला लावलेले खिळ्यांचे बूट मला जड होतात आणि फरशीवर टकटक वाजतात. परवा दुकानात खिळे नसलेले गोल्फचे बूट पाहिले. इतके देखणे की ऑफिसलाही घालावेसे वाटले. पण मला एक कोडं पडलं आहे. चेंडू तर जागच्या जागी असतो, आपणही उभ्याच असतो, मग या खेळाला वेगळा बूट लागतोच कशाला? आणि लागत असेल, तर खिळे काढून टाकल्यावर तो घसरत कसा नाही? निवडताना काय पाहू? डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, हेही सांगून ठेवते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : ओल्या फरशीवर उभं राहून जड कपाट ढकलून पाहा. कपाट जागचं हलत नाही, तुमचे पायच मागे सरकतात. जोर हाताचा असला तरी तो उभा राहतो तळपायावर. गोल्फमध्ये नेमकं हेच घडतं, फक्त फार वेगाने. तुम्ही उजव्या हाताने खेळत असाल असं धरते. क्लब मागे नेताना शरीराचा भार उजव्या पायावर जातो आणि खाली आणताना डाव्या पायावर येतो. हा खाली येण्याचा प्रवास जेमतेम पाव सेकंदाचा असतो. तेवढ्यात कंबर फिरते, खांदे फिरतात आणि हौशी खेळाडूच्या क्लबचं टोकसुद्धा ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर वेगाने चेंडूपाशी येऊ शकतं. हे सगळं डाव्या तळव्याच्या बाहेरच्या कडेवर पेललं जातं. ती कड बोटभर जरी सरकली तरी फटका वाकडा जातो. पाय सरकेल अशी धास्ती मनात असली की शरीर आपोआप हात आखडतं, आणि नवशिके दोष मात्र आपल्या हाताला देत बसतात.

म्हणून हा बूट चालण्याइतकाच पीळ सोसण्यासाठी बनवलेला असतो. धावण्याचे बूट इथे कमी पडतात ते याचमुळे. त्यांची घडण पुढे जाण्यासाठी असते. टाच उंच, खाली जाड मऊ गादी. फिरताना त्या गादीवर पाय कडेला कलंडतो.

जमिनीला धरून ठेवण्याची ही गरज खेळाइतकीच जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये १८५७ साली निघालेल्या गोल्फच्या एका मार्गदर्शक पुस्तकातसुद्धा जाडजूड बुटांच्या तळाला बारीक खिळे ठोकून घ्यायचा सल्ला आहे. पुढे फिरवून बसवायचे धातूचे खिळे आले आणि विसाव्या शतकाचा बहुतेक काळ त्यांचंच राज्य होतं. पण त्यांनी ग्रीनची चाळण होई. भोकाभोवतीच्या मखमली गवतावर प्रत्येक पावलाबरोबर टोचे पडत, आणि मागून येणाऱ्याचा चेंडू त्यांवर अडखळे. त्यातून नियम असा की आपल्या चेंडूच्या वाटेतली बुटांची ती ओरखड आधी बुजवायची नाही. ती बुजवायची मुभा थेट २०१९ च्या नव्या नियमांत मिळाली. तोवर तोडगा बुटाकडूनच आला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात हिवाळ्यात खेळता यावं, गवताला इजा होऊ नये, म्हणून प्लॅस्टिकचे मऊ खिळे तयार झाले. काही वर्षांतच क्लबांमागून क्लबांनी धातूच्या खिळ्यांना बंदी केली. तुमच्या दादांनी घ्यायला लावले ते बहुधा हेच मऊ खिळे असावेत.

आणि मग २०१० चा एप्रिल. ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेत पन्नाशीचा गोल्फपटू फ्रेड कपल्स पहिल्या दिवशी ६६ फटक्यांत फेरी संपवून सगळ्यांच्या पुढे गेला. त्याच्या पायात एक्को या डॅनिश कंपनीचे साध्या स्नीकरसारखे बूट होते. खिळे नाहीत, मोजेसुद्धा नाहीत. कपल्सची पाठ वर्षानुवर्षं दुखरी. तो माणूस जगातल्या सर्वांत चढउताराच्या मैदानांपैकी एकावर असे बूट घालून चालतो आहे, हे लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिलं. खिळे नसलेला बूट त्याआधीही होता, पण तो सरावापुरता किंवा क्लबहाऊसमध्ये वावरण्यापुरता समजला जाई. त्या आठवड्यानंतर त्याला मान मिळाला.

आता तुमचं दुसरं कोडं. असा बूट उलटा करून पाहा. तळ सपाट नसतो. रबराचे किंवा त्याहून कडक प्लॅस्टिकचे छोटे छोटे उंचवटे त्यावर सगळीकडे पेरलेले असतात. खिळ्यांचा बूट सात-आठ ठिकाणी खोल रुततो, तर हा शेकडो ठिकाणी थोडा थोडा धरतो. चांगल्या बुटात हे उंचवटे एकाच दिशेचे नसतात. कडेचे मोठे आणि धारदार, चवड्याखालचे गोलाकार मांडलेले, टाचेचे आडवे. पीळ ज्या ज्या दिशेने बसतो त्या त्या दिशेला कुणीतरी पाय रोवून उभं असावं, अशी ती मांडणी. आपल्याकडे त्यांना एक जोडीदारही आहे. इंग्रजीत ज्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात ते दुसरं तिसरं काही नसून आपली हरळी आहे, गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतकरी जिला पिढ्यान्‌पिढ्या खणून काढत आला, तिच्याच निवडक जाती गोल्फच्या मैदानांवर हौसेने वाढवतात. हरळी जमिनीलगत आडवी पसरते, पेरापेराला मुळं सोडते आणि दाट जाळी विणते. कोरड्या दिवसांत हे उंचवटे त्या जाळीत छान अडकतात.

कोरड्या दिवसांत, हे मुद्दाम म्हणते. काळी माती भिजली की उंचवट्यांमधल्या फटी पहिल्या पाचशे पावलांतच भरतात, आणि तळ हात फिरवून सारवल्यासारखा गुळगुळीत होतो. मग उंचवटे असून नसल्यासारखे. मऊ खिळेही चिखलाने माखतात, पण त्यांच्या पाकळ्या लांब असल्याने खाली पोचतात. तेव्हा दादांनी घ्यायला लावलेला जोड टाकू नका. जून ते सप्टेंबर तो वापरा आणि दसऱ्यापासून नवा बाहेर काढा. थंडीत पहाटेच्या दवाचा पहिला तासभर मात्र जपून, विशेषतः उतारावर. वर्षभर एकच जोड ठेवायचा असेल आणि पावसातही खेळ सोडवत नसेल, तर मी खिळ्यांचाच सुचवीन. तुमच्यासारख्या महिन्यातून एकदा अठरा होल चालणाऱ्या आणि एरवी सरावाच्या चटईवर उभ्या राहणाऱ्या व्यक्तीला खिळेविरहित बूट अधिक मानवेल.

निवडीचं म्हणाल, तर दुकानात संध्याकाळी जा. अठरा होल म्हणजे आठ-दहा किलोमीटर चाल आणि चार-पाच तास उभं राहणं. तेवढ्यात पाय फुगतो, आणि संध्याकाळचा पाय साधारण तसाच असतो. खेळताना घालता तेच मोजे न्या. दोन्ही पायांत घाला, कारण एक पाय बहुतेकांचा किंचित मोठा असतो आणि माप त्याचंच धरायचं. बोटांपुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा पुरे. आपल्यापैकी अनेकांचा चवडा रुंद आणि टाच अरुंद असते. असा पाय नेहमीच्या फर्म्यात आवळतो, मग विक्रेता एक नंबर मोठा देऊ पाहतो. मी हे एकदा ऐकलं होतं. चवडा सुटला खरा, पण टाच आत वरखाली होऊ लागली आणि अकराव्या होलपर्यंत दोन्ही टाचांवर फोड आले. उरलेले सात होल मी गवतावरून अनवाणी चालले. लांबी वाढवून रुंदी मिळत नाही. त्याच नंबरात रुंद फर्मा मागा, नसेल तर दुसरी कंपनी पाहा. घरी कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने बाहेरची रेघ काढून न्या. जुने चर्मकार माप असंच घेत. कापलेला तो आकार बुटाच्या तळाशी धरला की घालण्याआधीच निम्मा उलगडा होतो.

मग बूट हातात घ्या आणि ओलं फडकं पिळतो तसा पिळा. मधोमध तो सहज वळला तर ठेवून द्या. चवड्यापाशी मात्र दुमडला पाहिजे. टाचेची वाटी अंगठ्याने दाबा, ती दबता कामा नये. शेवटी तो घालून दुकानातच क्लबशिवाय पाच-सहा स्विंग करा. लाजू नका, गोल्फच्या दुकानात याचं कुणाला नवल वाटत नाही. लक्ष एकाच गोष्टीकडे ठेवा. बूट जमिनीवर स्थिर असताना पाय आत फिरतो का? फिरत असेल तर तळाला कितीही उंचवटे असोत, तुम्ही घसरताच आहात, फक्त बुटाच्या आत. आराम आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी मानून लोक त्यांच्यात निवड करायला जातात, ते इथे चुकतं. पायाला नीट बसलेला बूटच धरून ठेवतो. पहिल्या दिवशी चावणारा बूट ‘वापरून सैल होईल’ या भरवशावर घेऊ नका. नाड्या मात्र साध्याच घ्या. तारेच्या चकतीवर आवळणारे बूट घट्ट छान बसतात, पण नाडी तुटली तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

गुडघ्याबद्दल डॉक्टरांशी बोलाच. बुटापुरतं सांगायचं तर पाय जमिनीत घट्ट अडकला आणि धड वर फिरलं की तो पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून फार खोल रुतणारा तळ तुमच्यासाठी नको. उभं राहताना डाव्या पायाची बोटं थोडी बाहेर, चेंडू जाणार त्या दिशेला वळवून ठेवली तर ताण कमी होतो. तुमच्या शिक्षकांना हे विचारून घ्या.

आणि देखणेपण. त्याचा विचार करण्यात काही कमीपणा नाही. जो बूट पाहून बरं वाटतं तो पहाटे साडेपाचला आपल्याला घराबाहेर काढतो. पांढरा घ्यायचा असेल तर गुळगुळीत चामड्याचा किंवा तसल्या कृत्रिम कापडाचा घ्या, तो ओल्या फडक्याने पुसला जातो. विणलेल्या पांढऱ्या कापडात मुरमाची किंवा जांभ्याची लाली एकदा शिरली की निघत नाही. विणीचे बूट हलके आणि हवेशीर असतात, आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात सुखाचे. ते करड्या किंवा गडद निळ्या रंगात घ्या. ऑफिसलाही घालायचे तर तपकिरी, पातळ दिसणाऱ्या तळाचे बूट पँटवर शोभतात आणि सलवारीखालीही विजोड दिसत नाहीत. स्नीकरसारखा फारच भडक जोड घेण्याआधी तुमच्या क्लबचा पोशाखाचा नियम विचारा. काही जुने क्लब त्या बाबतीत काटेकोर असतात. पण ऑफिसची हौस आवरती घ्या असं मी सांगेन, आणि त्याचं कारण पुढच्या पत्राच्या उत्तरात येतंच आहे.

प्रश्न : माझे खिळे नसलेले गोल्फचे बूट एका वर्षात घसरायला लागले. वरून नवे दिसतात. खिळे बदलतात तसे याचे उंचवटे बदलता येतात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. मऊ खिळा पंधरा-वीस फेऱ्यांनंतर झिजला की फिरवून काढता येतो आणि नवा बसवता येतो. तुमच्या बुटाचे उंचवटे तळाबरोबरच ओतलेले असतात. ते गेले की बूट गेला. आणि ते गवतावर फारसे झिजत नाहीत. ते झिजतात डांबरावर, काँक्रीटच्या पायवाटेवर आणि गाडी चालवताना. उजव्या बुटाची टाच पाहा, पेडलजवळ जिथे टेकते तिथली झीज सर्वांत जास्त असेल. गाडीत साध्या चपला ठेवा आणि बूट मैदानापाशीच घाला. चिखल ओला असतानाच जुन्या दात घासायच्या ब्रशने किंवा लाकडी टीच्या टोकाने काढा. भिजलेले बूट उन्हात किंवा गाडीच्या डिकीत वाळवू नका; उष्णतेने तळाचा डिंक सुटतो. आतला सोल बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली ठेवा आणि दोन तासांनी बोळे एकदा बदला.