पोलादावरील अक्षरे : जर्मन घोडदळाच्या तलवारींची ओळख

(एस. वाय. बी. ए.)

तलवार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आधी राजा उभा राहतो, मग रणांगण, आणि सर्वांत शेवटी, आठवण झालीच तर, ती घडविणारा लोहार. माझ्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. माझे वडील लोहारकाम करतात आणि आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे पुस्तकात तलवारीचे चित्र दिसले की ती कोणी घडविली, तिला पाणी कोणी दिले, हे प्रश्न मला प्रथम पडतात. एकोणिसाव्या शतकातील जर्मन घोडदळाच्या तलवारींचा अभ्यास मला आवडला तो याचसाठी. या प्रश्नांची बरीचशी उत्तरे त्या तलवारी अंगावर बाळगून असतात. ती कशी वाचावीत हे येथे थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

यांपैकी बहुतेक पाती झोलिंगेन या एकाच गावची. पंधराव्या शतकापासून तेथे कारागिरांचे वेगवेगळे संघ होते. घडविणारे निराळे, पाणी देणारे व धार लावणारे निराळे, मूठ बसवून तलवार पुरी करणारे निराळे. या गावाच्या नावाला इतकी किंमत आली की १९३८ साली जर्मनीत त्या नावाच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. आपल्याकडे जिला फिरंग म्हणतात, त्या तलवारीचे पाते युरोपातून येई. त्यांतही झोलिंगेनची पाती होती.

आता ओळखीकडे वळू. पहिली पायरी आकाराची. प्रशियाची १८११ ची तलवार चांगलीच वक्र असून तिची परज साधी, एकाच लोखंडी पट्टीची असते. ब्रिटिश हलक्या घोडदळाच्या १७९६ च्या नमुन्यावरून ती घेतली होती. सेनापती ब्ल्यूखर याच्या नावाने ती ओळखली जाते. १८५२ च्या नमुन्यात वक्रता कमी झाली आणि हाताच्या रक्षणासाठी परजेला अनेक पट्ट्या आल्या. १८८९ च्या नमुन्याचे पाते अरुंद व जवळजवळ सरळ आहे. त्याच्या पत्र्याच्या परजेवर राज्याचे चिन्ह असते. प्रशियाचा गरुड किंवा बव्हेरियाचा सिंह दिसला की ती कोणत्या राज्याच्या सैन्याची, हे कळते. वार करण्यापेक्षा भोसकण्यावर भर वाढत गेला, हा बदल या तीन आकारांतच दिसतो.

दुसरी पायरी पात्याच्या पाठीची. धारेच्या विरुद्ध बाजूस, मुठीजवळ, बारीक ठसा असतो. मुकुट, त्याखाली 'डब्ल्यू' हे अक्षर आणि त्याखाली दोन आकडे. अक्षर विल्हेल्म राजाचे, आकडे वर्षाचे. म्हणजे ९१ असेल तर सरकारी तपासणी १८९१ ची.

तिसरी पायरी कारखान्याच्या चिन्हाची. वायर्सबर्ग या घराण्याचे चिन्ह राजाचे मस्तक, किर्शबाउम यांचे चिन्ह सरदाराचे शिरस्त्राण. १८८३ साली दोन्ही कारखाने एक झाले. तेव्हा ही दोन्ही चिन्हे शेजारी शेजारी असतील तर ते पाते १८८३ पूर्वीचे असू शकत नाही, मग विकणारा काहीही सांगो.

मात्र एकाच चिन्हावर भिस्त ठेवू नये. धावत्या लांडग्याची खूण मूळची पासाउ गावची. ती नावाजली म्हणून झोलिंगेनच्या लोहारांनी उचलली, आणि पुढे इतर देशांतील कारागिरांनीही तिची नक्कल केली. जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती आजही तयार होतात, आपल्या देहरादूनलाही होतात. प्रतिकृती बनविणे हा काही गुन्हा नव्हे. पण तिच्यावर गंज चढवून ती जुनी म्हणून खपविणे ही फसवणूक होय. येथे लोहाराची नजर उपयोगी पडते. अस्सल पाते मुठीजवळ जाड असते आणि टोकाकडे त्याची जाडी उतरत जाते. त्यामुळेच ते हातात तोललेले वाटते. पुष्कळ प्रतिकृतींत पाते सर्वत्र सारख्याच जाडीचे असते.

चौथी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती परजेवर असते. समजा, तेथे 'यू. १३. ३. ४५' असे कोरले आहे. 'यू' म्हणजे उलान, भालाईत स्वार. पुढचे आकडे अनुक्रमे तेरावी रेजिमेंट, तिसरा स्क्वाड्रन आणि पंचेचाळिसावे शस्त्र. 'एच' म्हणजे हुसार, 'डी' म्हणजे ड्रॅगून, 'के' म्हणजे चिलखती स्वार. म्यानावरही हीच खूण असेल तर जोडी मूळची समजावी.

विद्यार्थिमित्रहो, या सर्व खुणांत राजाचे आद्याक्षर आहे, कारखानदाराचे चिन्ह आहे. पाणी देणाऱ्याचे नाव नाही आणि स्वाराचेही नाही. स्वाराच्या वाट्याला फक्त एक आकडा आला आहे. पण निदान तो आकडा तरी शिल्लक आहे. हौशी संग्राहक तलवार लखलखीत व्हावी म्हणून पॉलिशपेपरने घासतो, तेव्हा सर्वांत आधी पुसट होतात त्या या बारीक खुणा. राजाचे नाव पुस्तकांत सापडेलच, त्या स्वाराचा मागमूस मात्र कायमचा जातो. म्हणून जाणकार संग्राहक कोरड्या फडक्याने पुसतो, तेलाचा पातळ हात फिरवतो आणि तेवढ्यावर थांबतो. अस्सल खुणा असलेली गंजकी तलवार ही घासून चकचकीत केलेल्या तलवारीहून अधिक मोलाची होय.

अशी तलवार विकत घेण्याची ऐपत आपल्यापैकी फारच थोड्यांची असेल. पण ही वाचनाची रीत कोणालाही वापरता येईल. आपल्या कित्येक गावांत दसऱ्याला वाड्यातील, देवळातील जुनी शस्त्रे घासूनपुसून पूजेला मांडतात. यंदा घासण्याआधी पात्याची दोन्ही अंगे आणि पाठ उजेडात धरून पाहावी. एखादा लांडगा, मुकुट वा अक्षर दिसले तर त्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल हलकेच फिरवावी आणि उमटलेला ठसा तारीख-गाव लिहून जपून ठेवावा. एवढ्या कामाला एक कागद आणि पाच मिनिटे पुरतात.