फ्रेडरिकमध्ये एक दिवस

मुलांनो, मेरिलँडमधले फ्रेडरिक गाव १७४५ साली वसले. जुना भाग छोटा. गाडी एकदा लावली की दिवसभर पायी हिंडावे. आम्हीही तसेच हिंडलो.

गावातून कॅरल क्रीक नावाचा ओढा वाहतो. १९७६ च्या पुरात बाजारपेठेत पाणी शिरले. मग ओढ्याखाली काँक्रीटचे मोठे भुयारी मार्ग बांधले. पुराचे पाणी त्यांतून जाते, वर संथ पाणी आणि फिरायची वाट. आमच्यातल्या इंजिनिअरांचे पोट एवढ्यानेच भरले! तिथला एक पूल दगडी वाटतो, पण हात लावून पाहा. पूल काँक्रीटचा आहे. दगड, वेल सारे विल्यम कॉक्रन या चित्रकाराने रंगवलेले, १९९८ साली पूर्ण झालेले.

आता खरी गोष्ट, ९ जुलै १८६४ ची. यादवी युद्ध चालू होते. दक्षिणेकडचे सेनापती जुबल अर्ली यांनी धमकावले, "दोन लाख डॉलर द्या, नाहीतर गाव जाळू." इतिहासाच्या धड्यातला शब्द आठवा: खंडणी! गावाने बँकांकडून कर्ज काढून ती भरली. त्याच दिवशी जवळच मोनोकसी नदीकाठी लढाई झाली. अर्ली जिंकले, पण त्यांचा एक दिवस मोडला आणि तेवढ्यात वॉशिंग्टनला कुमक पोचली. राजधानी वाचली. गाव मात्र ते कर्ज १९५१ पर्यंत फेडत होते. पणजोबांचे कर्ज पणतवंडांनी फेडले म्हणा ना!

स्वाध्याय: कर्ज फिटायला ८७ वर्षे लागली. हा आकडा मराठीत मोठ्याने वाचा. (आईबाबांनी आधी सांगायचे नाही.) खंडणी, कर्ज, कुमक हे शब्द वापरून एकेक वाक्य लिहून आणा.