दोषदर्शन आणि अनुसरणाची वाट

जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न, हा ब्रह्मविद्येचा पहिला पाठ. यांत देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त आणि जीव बद्धमुक्त. अनादी अविद्येमुळे जीव बद्ध आहे. परंतु परमेश्वरकृपेने मुक्त होण्याची योग्यताही त्याच्याच ठायी आहे. म्हणून जीवाच्या हातून दोष घडावा यात नवल नाही. घडलेला दोष दोष म्हणून ओळखू न येणे, हीच खरी हानी होय.

दोष झाकणाऱ्या आवरणांत विद्येचा अभिमान सर्वांत दाट. अज्ञानी निदान विचारतो. ज्ञानाभिमानी विचारीतच नाही. मग त्याला वाट दाखवावी कोणी आणि कशी?

या संबंधी म्हाइंभटांचे चरित्र मननीय आहे. ते सराळे गावचे विद्वान. शास्त्रांचे अध्ययन झालेले, घरी संपन्नता आणि मनात पांडित्याचा गर्व. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची कीर्ती ऐकून ते वादाच्या हेतूने डोमेग्रामी आले. परंतु स्वामींच्या सन्निधानी त्यांचा गर्व गळाला. ज्यास आपण ज्ञान समजत होतो त्याने जीवाचे बंधन तुटत नाही, हे त्यांना उमगले.

येथे सूक्ष्म विचार केला पाहिजे. वादात हरलेले पंडित पुष्कळ असतात. पराभवाने कोणी खिन्न होतो, कोणी द्वेष धरतो. दोन्ही ठिकाणी अभिमान शाबूतच राहतो. म्हाइंभटांच्या ठायी मात्र पराभवाचे रूपांतर अनुतापात झाले. खेद स्वतःच्या मानहानीचा असतो, अनुताप दोषाचा असतो. खेद मनुष्याला मागे वळवून तेथेच बसवितो. अनुताप त्याला पुढे चालावयास लावतो.

पुढे स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर श्रीनागदेवाचार्यांच्या आश्रयाने ऋद्धिपूर येथे सुमारे शके १२०० (इ. स. १२७८) मध्ये त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केले. ज्यांनी लीळा पाहिल्या वा ऐकल्या, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी एकेक लीळा विचारून घेतली आणि आचार्यांकडून ती पारखून घेतली. एकेकाळी इतरांना निरुत्तर करणारी बुद्धी आता थोरामोठ्यांपुढे प्रश्न घेऊन उभी राहिली. विद्या टाकावी लागली नाही. तिची दिशा तेवढी पालटली. विशेष हे की, स्वतःच्या पहिल्या भेटीची लीळाही त्यांनी ग्रंथातून वगळली नाही. आपले उणे राखून स्वामींचे पुरते सांगावे, हा त्यांचा भाव.

यावरून साधकाने घ्यावयाचे ते इतकेच. दोष दिसताच त्यास निमित्तांचे पांघरूण घालू नये. तो गुरूंपुढे निवेदन करावा, सांगतील ते प्रायश्चित्त आचरावे आणि पुन्हा स्मरणास लागावे. दोषाचेच चिंतन करीत बसल्यास परमेश्वराचे स्मरण अंतरते, आणि तो दुसरा दोष ठरतो. भिक्षूने आपल्या आचारात आणि वासनिकाने आपल्या व्यवहारात हीच कसोटी लावावी: झालेल्या चुकीने आपण अधिक विचारू लागलो, की अधिक लपवू लागलो? जो विचारू लागला त्याला वाट सापडली, असे समजावे. श्रद्धा म्हणजे आपण चुकणारच नाही असा भरवसा नव्हे. चुकलेल्या जीवाचाही परमेश्वर अव्हेर करीत नाही, हा निश्चय म्हणजे श्रद्धा.