केसांवरून मुलगा परत मिळेल?

प्रश्न : आमचा तरुण मुलगा गेल्या वर्षी गेला. त्याचे केस जपून ठेवलेत. एक ओळखीचा म्हणतो, मुंबईत त्यावरून क्लोन करून देतात. आगाऊ पैसे मागतो. हापूसचं कलम होतं, तसं माणसाचं का होऊ नये?
– एक वाचक, धसई (ता. मुरबाड)

उत्तर : काका, त्याला एक रुपयाही देऊ नका. कापलेल्या केसात जिवंत पेशी नसते. कलमाची काडी मात्र जिवंत असते. क्लोन केलेली डॉली मेंढी १९९६ मध्ये जन्मली, ती २७७ प्रयत्नांतून एकटी. हरियाणात कर्नालला २००९ मध्ये क्लोन केलेलं म्हशीचं पहिलं पारडू काही दिवसांतच दगावलं. माणसाचा क्लोन जन्मल्याचा पुरावा कुठेच नाही. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) नियमावलीत माणसाचा क्लोन जन्माला घालायला मनाईच आहे. आजारांवरच्या संशोधनासाठी पेशी वाढवायला क्लोनिंगचं तंत्र उपयोगी ठरतं. आणि समजा झालाच क्लोन, तरी हाती येईल तान्हं बाळ. तुमच्या मुलाच्या आठवणी त्याच्यात कुठून येणार?

क्लोनपेक्षा टेस्ट ट्यूब बेबी ही गोष्ट निराळी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ साली असं बाळ जन्मलं; त्यात आई-वडील दोघांचाही अंश असतो. मूल हवंच असेल आणि काकूंचं वय पन्नाशीच्या आत असेल, तर नोंदणीकृत केंद्रातच जा, आधी त्यांची प्रकृती तपासून घ्या. दत्तक घ्यायचं असेल, तर केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या ('कारा') संकेतस्थळावर नोंदणी करता येते.