आटलेल्या गाईकडे लक्ष द्या

विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की जुन्नर-आंबेगावच्या गोठ्यांत उसाचे वाढे येऊन पडतात. स्वस्त मिळतात, हिरवे असतात आणि जनावर आवडीनं खातं. दुभत्या गाईला मुरघास, पेंड, आंबोण सगळं वेळेवर मिळतं. आटवलेली गाभण गाय मात्र दावणीच्या टोकाला जाते आणि तिच्या गव्हाणीत नुसते वाढे उरतात. दूध नाही तर खुराक कशाला, हा हिशेब मला अजिबात मान्य नाही. पोटातल्या वासराची निम्म्याहून अधिक वाढ याच शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत होते. अंग बाहेर येणं, वार अडकणं, व्यायल्यावर गाय बसणं या दुखण्यांची सुरुवातही बहुतेकदा इथेच झालेली असते.

म्हणून पहिलं काम म्हणजे रेतनाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवणं. तिथून साधारण 280 दिवसांनी गाय विते, म्हैस 310 दिवसांनी. व्यायच्या दोन महिने आधी गाय आटवा. दहा लिटर देते म्हणून शेवटपर्यंत पिळत राहू नका.

वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं. ते चाऱ्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि गाईच्या अंगी लागू देत नाही. दोन-तीन महिने नुसत्या वाढ्यांवर काढलेल्या गाईच्या हाडांतला साठा हळूहळू उतरतो. वाढे पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, आपल्याकडे ते परवडणारं नाही. पण कुट्टी करा, चुन्याची निवळी शिंपडा, सोबत कडबा किंवा मका द्या आणि रोजचं खनिज मिश्रण चुकवू नका.

याच्या अगदी उलटी चूकही सर्रास दिसते. गाय कासेला उतरली की दुकानातून कॅल्शियमची बाटली आणून रोज पाजायची. व्यायच्या आधीचे तीन आठवडे हे टाळा, लसूणघासही हात राखून घाला. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढून घ्यायची गाईच्या शरीराची सवय मोडते. मग गाय विते आणि चिकाची मागणी एकदम अंगावर येते. दहा लिटर चिकात वीस ग्रॅमहून जास्त कॅल्शियम जातं आणि गाईच्या रक्तात एका वेळी ते असतं जेमतेम तीन-चार ग्रॅम. तिसऱ्या वेतापुढच्या संकरित गाई व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत, कधी व्यायच्या आधीच, मान पोटाकडे वळवून बसतात, कान गार पडतात, तो हाच दुग्धज्वर. शिरेतून कॅल्शियम दिलं की गाय बहुधा तासा-दोन तासांत उठते. पण ते सावकाश आणि हृदयाचे ठोके ऐकत द्यावं लागतं. घाई केली तर सुई शिरेत असतानाच गाय दगावते. हे काम डॉक्टरांवरच सोडा.

अंग बाहेर येण्याची तक्रार असली की मी गोठ्यात शिरताच आधी जमीन पाहतो. मूत वाहून जावं म्हणून कोब्याला मागे उतार दिलेला असतो, गाईचे मागचे खूर थेट गटारीच्या काठावर असतात आणि पोटाचं सगळं ओझं मागे येतं. सुरुवातीला गाय बसली की गुलाबी गोळा दिसतो, उठली की आत जातो. लोक म्हणतात, जातंय की आत. पण तीच वेळ उपायाची असते. मागच्या पायांखाली माती आणि पाचट टाकून जागा वीतभर उंच करा. एकदम पोटभर चारा टाकण्याऐवजी चार-पाच वेळा थोडा थोडा द्या. शेण घट्ट होऊ देऊ नका, बुरशी आलेला चारा किंवा पेंड घालू नका.

गोळा आत जाईनासा झाला, त्याला शेण-माती चिकटली, तर थंड स्वच्छ पाण्यानं किंवा तुरटीच्या पाण्यानं हलक्या हातानं धुवा, ओलं स्वच्छ फडकं गुंडाळा आणि डॉक्टर येईपर्यंत कुत्री-कावळे जवळ येऊ देऊ नका. नखं वाढलेल्या हातानं ढकलू नका, चपलेनं दाबू नका. डॉक्टरांनी टाका घातला असेल तर घरातल्या प्रत्येकाला ते माहीत हवं, कारण कळा सुरू होताच तो काढावा लागतो. टाका तसाच राहिला तर वासरू आत गुदमरतं आणि गाय फाटते. व्यायल्यानंतर गाठी-गाठींची मोठी पिशवी बाहेर आली तर ते गर्भाशय आहे. अशा गाईला एक पाऊलही चालवू नका आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा.

गर्भाशयाला पीळ पडणं हे सगळ्यात फसवं दुखणं. म्हशींत ते जास्त, पण गाईंतही दिसतं. दिवस भरलेले असतात, गाय अस्वस्थ होते, पोटाला लाथा मारते, उठ-बस करते, वैरण सोडते. पाण्याची पिशवी मात्र दिसत नाही. काही तासांनी ती शांत होते आणि घरच्यांना वाटतं, पोटात गुबारा धरला होता, ओव्यानं बरं वाटलं. प्रत्यक्षात पोत्याचं तोंड पिळावं तशी वाट बंद झालेली असते आणि आत वासरू मरायला टेकलेलं असतं. वेळेत कळलं तर गाईला आडवी पाडून, पोटावर फळी ठेवून योग्य दिशेनं लोळवून पीळ सोडवता येतो. दीड-दोन दिवस गेले तर पोट फाडूनही गाय वाचेल याची खात्री देता येत नाही. दिवस भरलेल्या जनावराची अस्वस्थता सहा-आठ तास चालली आणि पिशवी दिसली नाही, तर थांबू नका. अशा वेळी कुणी कळा वाढवायचं इंजेक्शन देऊ लागला तर त्याचा हात धरा, त्यानं गर्भाशय फाटू शकतं. तापावर म्हणून दिलेलं स्टेरॉईडही शेवटच्या महिन्यांत गाभ टाकायला लावतं. सुई टोचण्याआधी गाय किती महिन्यांची गाभण आहे हे तुम्ही स्वतःहून सांगा.

सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडली तर तो मार समजू नका. ब्रुसेला असेल असं धरूनच वागा. हा रोग माणसालाही होतो: महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, स्त्रियांत गर्भपात. गाभडलेलं वासरू आणि वार उघड्या हातानं उचलू नका, उसात फेकू नका. कुत्री ते गावभर नेतात. खोल खड्डा करा, चुना टाका, पुरा. घरात गरोदर बाई असेल तर तिला या गोठ्यात पाऊल ठेवू देऊ नका. दूध उकळल्याशिवाय कुणी पिऊ नये. आणि कालवड चार ते आठ महिन्यांची असताना ब्रुसेलाची लस टोचून घ्या. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात 2019 पासून ती मोफत आहे आणि आयुष्यात एकदाच लागते. बेल्ह्याच्या किंवा चाकणच्या बाजारातून गाभण गाय आणणार असाल तर रक्त तपासून मगच दावणीला बांधा.

वार पडायला बारा तासांहून जास्त वेळ लागला तर ती ओढू नका, तिला वीटही बांधू नका.

बिबट्याच्या भीतीनं रात्री मळ्यातल्या गोठ्याकडे जाणं आपल्याकडे सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून शेवटचे पंधरा दिवस गाय घराजवळच्या, जाळी लावलेल्या, दिवा असलेल्या जागेत बांधा. आहुपे-भीमाशंकरकडच्या वाड्यांत पावसाळ्यात डॉक्टर पोचायला वेळ लागतो, तिथे पहिल्या लक्षणालाच कळवलेलं बरं. दवाखाना बंद असेल तर 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. रेतनाची तारीख, कितवं वेत, अस्वस्थता कधी सुरू झाली, पाण्याची पिशवी दिसली का आणि आधी कोणतं इंजेक्शन दिलं आहे, एवढं फोनवरच सांगितलंत तर डॉक्टर लागणारं सामान बरोबर घेऊनच निघतील.