डेव्हीच्या दिव्यापासून उपग्रहापर्यंत

विद्यार्थी मित्रहो, ज्याला रंग नाही, वास नाही आणि चवही नाही, अशा एका वायूची ओळख आज आपणांस करून घ्यावयाची आहे. त्याचे नाव मिथेन. कार्बनचा एक अणू व हायड्रोजनचे चार अणू मिळून त्याचा रेणू बनतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा कोळसा होत असताना हा वायूही निर्माण झाला आणि वरच्या थरांच्या दाबामुळे कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकून राहिला. खाणीत कोळसा फोडला की तो दाब सुटतो व वायू मोकळा होतो.

खाणकामगार या वायूला भितात, आणि त्यांचे भय साधार आहे. हवेत मिथेनचे प्रमाण शेकडा ५ ते १५ असले, म्हणजे एक ठिणगीही स्फोटास पुरते. इंग्लंडमधील फेलिंगच्या खाणीत २५ मे १८१२ रोजी झालेल्या स्फोटात ९२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत कित्येक तुमच्याहून लहान वयाची मुले होती. आपल्या देशात २८ मे १९६५ रोजी धोरी येथील खाणीत असाच भयंकर स्फोट होऊन २६८ कामगारांचे प्राण गेले. धोरी त्या वेळी बिहारात होते, आज ते झारखंडात आहे.

फेलिंगच्या दुर्घटनेने इंग्लंडातील विचारी माणसे हादरली. सर हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८१५ साली खाणीसाठी एक सुरक्षित दिवा तयार केला. त्याच्या ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी होती. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेई, त्यामुळे बाहेरचा वायू पेट घेत नसे. या दिव्याचा आणखी एक उपयोग होता. भोवतालच्या हवेत मिथेन असला, तर ज्योतीच्या माथ्यावर फिकट निळी टोपी दिसे आणि कामगार सावध होई. न दिसणारा वायू ओळखण्याचे एक साधन अशा रीतीने साध्या कामगाराच्या हाती आले.

पुढे मोठे पंखे बसवून खाणीतील वायू बाहेर टाकण्याची व्यवस्था झाली. कामगाराचे संकट त्यामुळे पुष्कळ टळले. परंतु वायू काही नाहीसा झाला नाही, तो वातावरणात गेला. तेथे त्याचा दुसरा गुण प्रकट होतो. पृथ्वीवरून निघणारी उष्णता तो अडवून धरतो. वीस वर्षांचा काळ धरला, तर एक टन मिथेन एक टन कार्बन डाय-ऑक्साइडपेक्षा ८० पटींहून अधिक उष्णता अडवितो. मात्र तो वातावरणात सुमारे १२ वर्षेच टिकतो. म्हणून आज त्याची गळती थांबविली, तर तिचे फळ याच पिढीला पाहावयास मिळेल. जगातील कोळशाच्या खाणींतून दरवर्षी सुमारे ४ कोटी टन मिथेन बाहेर पडत असावा, असा अंदाज आहे.

येथे ‘अंदाज’ हा शब्द लक्षात ठेवावा. भुयारी खाणीतील हवा ठराविक मुखातून बाहेर येते. तिचा वेग, मुखाचे क्षेत्रफळ आणि तिच्यातील मिथेनचे प्रमाण मोजले की हिशेब करता येतो. उघड्या खाणीला असे मुख नसते. मैलोगणिक पसरलेल्या खड्ड्यातून वायू सर्व बाजूंनी निसटतो. म्हणून टनामागे इतका वायू, असा एक दर धरून त्याला कोळशाच्या टनांनी गुणण्याची पद्धत पडली. परंतु सर्व थरांत वायू सारखा नसतो. भारताच्या खाण नियमांत भुयारी खाणींतील थरांचे तीन वर्ग केले आहेत. पहिल्यात टनामागे १ घनमीटरपर्यंत, तर तिसऱ्यात १० घनमीटरांहून अधिक वायू निघतो. इतका फरक असता एकच दर सर्वांस कसा लागू पडावा?

आता आकाशाकडे वळू. तांबडी काच डोळ्यांपुढे धरली, तर ती हिरवा व निळा प्रकाश अडविते, हे तुम्हांस ठाऊक आहे. मिथेनही असाच काही प्रकाश अडवितो. मात्र तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. सूर्याचे किरण हवेतून खाली येतात, जमिनीवरून परततात आणि पुन्हा हवेतून वर जातात. उपग्रहातील उपकरण त्यांचा वर्णपट पाडते. २.३ मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीत जितकी अधिक काळोखी, तितका वाटेत मिथेन अधिक. १३ ऑक्टोबर २०१७ रोजी सोडलेला ‘सेंटिनेल-५पी’ हा युरोपचा उपग्रह सुमारे ८२४ किलोमीटर उंचीवरून २६०० किलोमीटर रुंदीचा पट्टा एका वेळी पाहतो, आणि जवळजवळ सर्व पृथ्वी दररोज नजरेखालून घालतो.

वायू किती आहे हे कळले. तो तासाला किती निघतो हे कसे कळावे? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. खाणीपासून वाऱ्याच्या दिशेने ४० किलोमीटर लांबीचा वायूचा लोट दिसला. त्यात नेहमीपेक्षा ५२ टन मिथेन अधिक आढळला. वारा ताशी २० किलोमीटर वाहत आहे. म्हणजे हा लोट दोन तासांत तयार झाला, आणि खाण ताशी २६ टन मिथेन सोडीत आहे.

उदाहरण काल्पनिक असले, तरी हा आकडा काल्पनिक नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात हेल क्रीक नावाची उघडी खाण आहे. २०१८ व २०१९ या वर्षांतील उपग्रहाच्या नोंदी अभ्यासून शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केले, की ही एकटी खाण वर्षाला सुमारे २ लक्ष ३० हजार टन मिथेन सोडीत होती. त्यास वर्षाच्या ८७६० तासांनी भागा. उत्तर २६ येईल. हेल क्रीक धरून त्या भागातील सहा खाणी ऑस्ट्रेलियाचा अवघा ७ टक्के कोळसा काढीत. पण साऱ्या देशातील कोळसाखाणींचा जो मिथेन कागदोपत्री दाखविला जाई, त्याच्या ५५ टक्क्यांइतका वायू या सहांतूनच निघत होता. कोळशाचे टन मोजून वायूचा अंदाज बांधणे किती फसवे ठरू शकते, हे यावरून दिसते.

तथापि उपग्रहालाही मर्यादा आहेत. ढग आले की त्याची दृष्टी अडते. वाऱ्याचा वेग चुकला की उत्तर चुकते. त्याच्या चित्रातील एक घर सुमारे साडेपाच किलोमीटर बाय सात किलोमीटरांचे असते. शेजारच्या दोन खाणी त्यात एकत्र दिसू शकतात. म्हणून त्या शास्त्रज्ञांनी हेल क्रीकच्या आकड्यापुढे ५० हजार टन इकडे किंवा तिकडे असेही प्रामाणिकपणे लिहिले. २०२३ साली विमानांतून उपकरणे नेऊन त्या खाणीची पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही कळविलेल्या आकड्यापेक्षा वायू अधिकच आढळला.

दोष कळला की उपायही सुचतो. खणण्यापूर्वी थरांत छिद्रे पाडून मिथेन काढून घेता येतो व इंधन म्हणून वापरता येतो. झरियाजवळील मुनिडीह येथे अशा वायूपासून वीज निर्माण करण्याचा प्रयोग झालेला आहे.

मित्रहो, प्रयोगशाळेत अपेक्षित उत्तर आधीच ठाऊक असते, आणि वहीत तेच लिहून टाकण्याचा मोह आपणा सर्वांना होतो. प्रत्यक्ष वाचन निराळे आले, तर ते खोडावेसे वाटते. पुढल्या वेळी असे झाले, तर हेल क्रीकचे स्मरण करा. आलेले वाचन तसेच लिहा, किती चूक संभवते तेही लिहा, आणि गुरुजींना फरकाचे कारण विचारा.