बालकाच्या मेंदूची बांधणी : पहिली सहा वर्षे



लागणीनंतरचे पहिले तीन-चार महिने फुटव्यांचे, हे आपणांस सांगायला नको. त्या दिवसांत पाणी-खुरपणी चुकली, तर पुढे कितीही खत टाकले तरी टनेज पुरते भरून निघत नाही. माणसाच्या पोराचेही काहीसे असेच आहे. ते कसे, हे या लेखात पाहू.

मेंदू कसा वाढतो?

जन्मतः बालकाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पावपट असतो. दोन वर्षांत तो पाऊणपट होतो आणि सहाव्या वर्षापर्यंत सुमारे ९० टक्के. नुसते वजन वाढते असे नव्हे. मेंदूतील पेशींचे एकमेकींशी जोड पडत जातात. पहिल्या वर्षांत दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक. जे जोड वापरात येतात ते पक्के होतात, बाकीचे गळतात. पोर हुंकार देते, आई 'काय रे सोन्या' म्हणते, ते पुन्हा हसते. या देवाणघेवाणीतूनच जोड पक्के होतात. अर्धे पोट, रक्तातील लोहाची कमतरता, सततची भीती आणि बोलायला कुणी नसणे, या गोष्टी ही बांधणी कच्ची ठेवतात. पुढे माणूस शिकत नाही असे नाही, पण कष्ट जास्त पडतात.

पेण-रोह्याची गोष्ट

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांत कातकरी वाड्या पुष्कळ. भातकापणी उरकली की अनेक कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आईबाप पहाटेपासून चिखलात, तान्हे झोळीत आणि त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. पोराचे नाव वाडीच्या अंगणवाडीत, पोर मात्र भट्टीवर. वर्षातले सहा-सात महिने असे गेले, तर सहा वर्षांतली निम्मी त्यातच सरतात.

उपाय आहे काय?

आहे, आणि तो आपल्याच मातीतला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पाने, बिया, शिंपले हीच खेळणी. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिनेही हेच नाव घेतले.

जमैका देशात १९८६-८७ साली वाढ खुंटलेली १२९ बालके निवडली. त्यांतील काहींच्या घरी कार्यकर्ती दोन वर्षे आठवड्यातून तासभर जाई आणि घरगुती खेळण्यांनी कसे खेळवावे हे आईला दाखवी. वीस वर्षांनी पाहिले, तर ती मुले तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती.

आपले काय?

पेण-रोहा लांब राहिले, असे कुणी म्हणेल. पण आपला ऊस तोडणाऱ्या टोळ्यांच्या कोप्यांकडे एकदा नीट पाहा. तिथले तान्हे फडाच्या बांधावर उन्हात निजलेले असते. साखर त्याच्याही आईच्या घामाची आहे. म्हणून आमची विनंती :

१) टोळी येताच सहा वर्षांखालील मुले मोजून जवळच्या अंगणवाडी ताईंना कळवावीत. २०२१ पासून नोंद 'पोषण ट्रॅकर'वर असते, ती दुसऱ्या गावी वळवता येते.

२) फडावर सावली व पिण्याचे पाणी ठेवावे, अंगावर पाजणाऱ्या बाईस मध्ये सवड द्यावी.

३) तळावर मुले सांभाळण्यास एक जाणती बाई पगारी नेमावी, हा विषय गटसभेत मांडावा.

४) आणि आपल्या घरात? पोराच्या हाती मोबाईल देऊन मोकळे होऊ नये. बैल, आभाळ, मोट, मुंगी, जे दिसेल त्याबद्दल त्याच्याशी बोलावे. याला खर्च काही नाही.

उसाचा खोडवा घेता येतो. बालपणाचा येत नाही. तेव्हा हंगाम सुरू होण्याआधीच ही तजवीज करू या.